सात खोकले

तिला पाढेताई हे नाव कुणी ठेवलं यावर हॉस्पिटलात दोन मतं होती. डॉक्टर म्हणत मी ठेवलं, सिस्टर म्हणत मी. जिला ठेवलं तिला कुणी विचारलं नव्हतं, पण नाव चपखल आहे हे तीही मान्य करायची. हृदयात नळी घालून तपासायची ती खोली, म्हणजे कॅथ लॅब, तिथं ती टेक्निशियन होती. पेशंट टेबलावर आला की ती काचेमागच्या आपल्या खुर्चीत बसायची, माइकचं बटण दाबायची आणि शाळेतल्या पोरांसारखं एका सुरात सगळं म्हणून दाखवायची. पेशंट कोण, आलाय कशासाठी, जुना ईसीजी काय म्हणतो, कुठलं औषध चालत नाही, कुठलं यंत्र चालू आहे. प्रत्येक ओळीला आतून कुणीतरी "हो" म्हणायचं. "हो" आलं नाही तर पुढची ओळ नाही. डॉक्टर हातमोजे चढवून तिष्ठत उभे असले तरी नाही.

"झाले का पाढे?" डॉक्टर विचारायचे.

"बाराचा राहिलाय," ती म्हणायची, आणि उरलेलं म्हणून संपवायची.

एकोणीस वर्षं हे चाललं होतं. तिच्या हाताखाली शिकून गेलेल्या पोरी आता दुसऱ्या हॉस्पिटलांत तेच पाढे म्हणत होत्या. तिला याचा गर्व होता. साधासुधा नव्हे, चांगला खाऊनपिऊन पोसलेला गर्व. विसरणं हा दुसऱ्या लोकांना होणारा आजार आहे असंच तिला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तसं वाटण्यासारखं आजवर काही घडलंही नव्हतं.

पाढ्यांतली एक ओळ खास तिची होती. हृदयाच्या वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्याला विजेचा निरोप जातो, तेव्हा ठोका पडतो. खाली उतरायला त्या निरोपाला दोन वाटा असतात, डावी आणि उजवी. काही माणसांची डावी वाट कधीतरी बंद पडलेली असते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो, कारण उजवी वाट एकटी सगळा संसार ओढत असते. अशा माणसाच्या हृदयात उजव्या बाजूनं नळी घालायची म्हटलं की पाढेताईचे कान टवकारायचे. उजवी वाट आतल्या भिंतीला अगदी वरवर चिकटलेली. नळीचं टोक तिला जरा घासलं तरी ती रुसून बसू शकते. दोन्ही वाटा बंद झाल्या तर निरोप नाही, आणि निरोप नाही तर ठोका नाही. फार थोड्यांना होतं असं, पण ज्याला होतं त्याला थोडं होत नाही.

म्हणून डावी वाट बंद असलेल्या पेशंटच्या छातीवर एक आणि पाठीवर एक अशा दोन चिकट पट्ट्या ती आधीच लावायला लावायची आणि त्यांची वायर शेजारच्या यंत्राला जोडून ठेवायची. ठोका थांबलाच तर यंत्र बाहेरून वीज देऊन ठोका पाडतं, त्याला पेसिंग म्हणतात. एकोणीस वर्षांत तीनदा पाडला होता, आणि तिन्ही माणसं घरी चालत गेली होती.

त्या दिवशीचे पेशंट काका बहात्तर वर्षांचे होते. एकतीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचून निवृत्त झालेले. अलीकडे जिना चढताना धाप लागायची. काकूंच्या भाषेत, पहिल्या मजल्यावर यायला त्यांना अख्खं बातमीपत्र लागायचं. काकू बाहेर बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या आणि काका आत, अंगावर हिरवा डगला घालून, सिस्टरशी हुज्जत घालत होते.

"छातीवरचे केस काढावे लागतील, काका."

"किती?"

"पट्टीपुरते. एका बाजूचे."

"एकाच बाजूचे? मग मी दिसेन कसा?"

"आत कोण बघतंय तुम्हाला?"

"घरी एक बघणारी आहे ना," काका म्हणाले, आणि खणखणीत आवाजात, जणू देशाला कळवावं तसं, पुढं म्हणाले, "पण तिचं आता माझ्याकडं लक्ष नसतं. काढा."

पाढेताई हसली. असे पेशंट तिला आवडायचे. घाबरलेला माणूस एकतर गप्प होतो नाहीतर बडबडतो, आणि बडबडणारा सांभाळायला सोपा. टेबलावर आडवे झाल्यावर काकांनी मान वळवून काचेकडं पाहिलं.

"आमच्या स्टुडिओत अशीच काच होती," ते म्हणाले. "पलीकडं एक बाई बसायच्या. त्यांनी बोट वर केलं की मी सुरू. म्हणजे आजही मी कामावरच आहे म्हणायचं, फक्त झोपून वाचायचंय."

"आज वाचायचंही नाही, काका," पाढेताई त्यांच्याजवळ उभी राहून म्हणाली. "नळी आत असेल तेव्हा हलायचं नाही आणि खोकायचं नाही. खोकलं की आतल्या दाबाचे आकडे बिघडतात."

काकांना हे लागलं. "मला सांगता? सर्दीत वाचल्यात बातम्या, तापात वाचल्यात, आई गेली त्या दिवशी संध्याकाळी वाचल्यात. एकतीस वर्षांत एकदा खोकलो नाही. घशात आलं की गिळायचं. डोळ्यांतून पाणी येईल, पण आवाज जाणार नाही. आता तर ती खोडच झालीय. घरीसुद्धा मी खोकत नाही."

"मग काळजीच मिटली," ती म्हणाली आणि काचेमागं जाऊन बसली.

पाढे झाले. "डावी वाट बंद." "हो." "पट्ट्या पुढं आणि मागं." "हो." "वायर जोडली." "हो." "यंत्र चालवून पाहिलं." "हो." डॉक्टरांनी मांडीजवळची शीर बधिर केली आणि नळी आत सरकवली. पडद्यावर हृदयाची सावली हलत होती. खाली ईसीजीची रेघ आणि तिच्याखाली दाबाची रेघ धावत होती.

डॉक्टरांचा हात हलका होता आणि डोळा हट्टी. चित्र त्यांना आरशासारखं स्वच्छ लागायचं.

"हे मधोमध काळं काय आलंय?" त्यांनी विचारलं.

तो वायरच्या जोडाचा खटका होता. खांद्यावरून आलेली वायर नेमकी हृदयाच्या सावलीवर पडली होती.

"हलवा ना ते. मला टोकच दिसत नाहीये."

पाढेताईनं एक्स-रेपासून वाचवणारा जड एप्रन अंगावर चढवला आणि ती आत गेली. वायर खांद्यावरून काढून काखेखालून घ्यायची होती, आणि खटका सोडल्याशिवाय ती तिथून निघणार नव्हती. तिनं खटका सोडला, वायर काखेखालून ओढून घेतली, टोक हातात आलं. जोडायचं तेवढं राहिलं होतं.

"ताई, दाब वर सरकलाय," डॉक्टर म्हणाले. "शून्य चुकलंय बहुतेक. मी आत आहे, आधी ते बघा."

तिनं वायरचं टोक चादरीवर ठेवलं. दाब मोजायच्या नळीची खांबावरची तोटी फिरवली, बाहेर आली, बटण दाबून दाबाची रेघ शून्यावर आणली. "झालं," ती माइकवर म्हणाली. एप्रन खुंटीला अडकवला आणि खुर्चीत बसली. चित्र आता अगदी स्वच्छ होतं. तिला बरं वाटलं.

वायरचं टोक चादरीवर राहिलं. पाढे तर म्हणून झाले होते. "वायर जोडली" या ओळीला "हो" आलेलं होतं, आणि ते तेव्हा खरंही होतं. चार मिनिटांपूर्वीचं "हो" आता शिळं झालंय हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. अशी चूक आळशी माणसाच्या हातून होत नाही, कारण आळशी माणूस चित्रासाठी उठतच नाही. ती तिच्यासारख्याच्याच हातून होते.

नळी उजव्या खालच्या कप्प्यात शिरली. दोन-चार वेडेवाकडे ठोके आले. नळी आत लागली की येतात तसे. मग रेघ पुन्हा नीट झाली, एक ठोका, दुसरा ठोका, आणि नंतर खालचा मोठा ठोका आलाच नाही. वरच्या मजल्याचे छोटे छोटे उंचवटे तेवढे येत राहिले, नियमित, जिन्यावरून कुणी हाका मारतंय आणि खाली कुणी ऐकतच नाही तसे.

पाढेताईचा अंगठा विचाराच्या आधी माइकच्या बटणावर गेला.

"काका, खोका!"

काकांनी डोळे वळवून काचेकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं. याच बाईनं आत्ताच तर खोकायचं नाही म्हणून बजावलं होतं.

"खोका! मी सांगतेय म्हणून खोका! जोरात!"

काका खोकले. अगदी बारीक, सभ्य, हातरुमालाआडून खोकावं तसं. दाबाच्या रेघेवर एक छोटी टेकडी उठली. खोकल्यानं छाती आवळते आणि थोडंसं रक्त पुढं ढकललं जातं. ठोका नसतानाही माणूस स्वतःच्या डोक्याला तेवढा वेळ रक्त पोचवत राहू शकतो. पण तो शुद्धीत हवा, आणि खोकत राहायला हवा.

"पेसिंग!" डॉक्टर ओरडले. त्यांनी नळी मागं ओढली होती. सिस्टरनी यंत्राचं बटण दाबलं. यंत्र किंचाळलं आणि त्याच्या पडद्यावर अक्षरं आली, पट्ट्या जोडलेल्या नाहीत.

तेव्हा पाढेताईला चादरीच्या कडेला पडलेलं ते टोक दिसलं. काचेतूनच दिसलं.

"खोका, काका! परत!" ती उठली. "अजून!" दार ढकललं. एप्रन खुंटीलाच राहिला. "थांबू नका, खोका! अजून जोरात!" ती ओरडत होती आणि धावत होती, दोन्ही एकाच वेळी, आणि त्या पाच पावलांत तिचा आवाज इतका चढला होता की बाहेर बाकावरच्या काकूंनी मान वर केली. काका खोकत होते. आता सभ्यपणा गेला होता. एकतीस वर्षं गिळलेले सगळे खोकले जणू रांग मोडून बाहेर येत होते. चेहरा पांढरा पडला होता, डोळे मिटायला लागले होते. तिनं टोक उचललं आणि खटका दाबला. टक असा आवाज झाला. काकांची छाती टेबलावरून उडाली.

"आई गं!" काका म्हणाले.

एवढं गोड "आई गं" तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. यंत्राचे ठोके पडत होते, प्रत्येक ठोक्याला काका कण्हत होते, आणि सिस्टर त्यांच्या कपाळावर हात ठेवून "झालं हो, झालं, आता बरंय" म्हणत होत्या. डॉक्टरांनी मांडीच्या त्याच शिरेतून एक बारीक तार हृदयात नेऊन बसवली. मग ठोके आतून पडायला लागले आणि छातीचं उडणं थांबलं. पाऊण तासानं काकांची उजवी वाट आपणहून पुन्हा सुरू झाली, जशी रुसली होती तशीच काही न सांगता. तार रात्रभर असू दे, उद्या काढू, असं ठरलं.

पाढेताई चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन उभी राहिली. माणूस वाचला होता. ती रडली, आणि त्या रडण्यात भीती, लाज, आनंद सगळं एकत्र कालवलेलं होतं. मग तोंड धुऊन ती परत आली आणि त्या वेळची पट्टी कागदावर छापून घेतली. अकरा सेकंद. वरची रेघ जवळजवळ सरळ. तिच्याखाली दाबाच्या रेघेवर सात टेकड्या, पहिली बुटकी आणि पुढच्या एकापेक्षा एक उंच. ती ते सात उंचवटे बोटानं मोजत राहिली. पुनःपुन्हा मोजूनही ते सातच होते.

डॉक्टर शेजारी येऊन उभे राहिले. "त्यांच्या मिसेसना सांगितलं मी. ठोका अडला होता, यंत्रानं सांभाळला. त्यात खोटं काही नाही."

"पूर्ण खरंही नाही," ती म्हणाली.

"वायर हलवा असं मी म्हणालो होतो."

"जोडायची माझ्याकडं होती."

"आणि मध्येच तुम्हाला दुसरं काम मीच सांगितलं." त्यांनी चुकांची नोंद करायची वही पुढं ओढली. तिनं तिचं लिहिलं. त्याखाली त्यांनी त्यांचं लिहिलं आणि सही केली. "उद्या मी जातो त्यांच्याकडं."

"मी जाते, डॉक्टर. मला जाऊ द्या."

"मग माझंही सांगा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची तार निघाली आणि दहाच्या सुमाराला पाढेताई वॉर्डात गेली. काका उशीला टेकून चहा पीत होते. चेहऱ्यावर लाली आली होती. काकूंना सिस्टरनी ओरडण्या-धावण्याचं तेवढं आधीच तिखटमीठ लावून सांगितलं असणार, कारण तिला पाहताच त्या उठून आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"तुम्हीच ना त्या? तुमचाच आवाज ना तो? बाई, तुमचे उपकार मी कसे फेडू? तुम्ही होतात म्हणून आज हे चहा पितायत. नाहीतर मी—" त्यांचे डोळे भरून आले. "रात्रभर देवाच्या आधी तुमचं नाव घेतलं मी, आणि नाव माहीतही नाही."

काकूंचे हात ऊबदार होते. पाढेताईला वाटलं, राहू द्यावं. या बाईला रडू द्यावं, हसून "अहो, काम आहे आमचं" म्हणावं आणि निघावं. कुणाचं काय बिघडणार होतं? माणूस बरा होता, वहीत नोंद होती. हे असं सगळं तिच्या मनात आलं, आणि ते आलं याचीच तिला लाज वाटली.

"काकू, आधी माझं ऐका," ती म्हणाली. "मग हात धरायचा तर धरा."

तिनं सांगितलं. वायर कशी जोडली होती, का सोडली, कशी विसरली. डॉक्टरांचंही सांगितलं, पण आधी तिचं. कुठं गाळलं नाही, कुठं सारवासारव केली नाही. बोलता बोलता काकूंचे हात सैल होत गेले, आणि ती "चादरीवर राहिली" म्हणाली तेव्हा ते सुटले.

"म्हणजे वायर लावलेली असती तर ह्यांना काही झालंच नसतं?"

"ठोका अडलाच असता. पण यंत्रानं लगेच उचलला असता. ह्यांना खोकावं लागलं नसतं."

"आणि हे खोकले नसते तर?"

"बेशुद्ध झाले असते. आम्ही छाती दाबली असती, तोवर वायर जोडली असती. बहुतेक वाचले असते, काकू. पण बहुतेकच."

काकू खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. खाली कुणीतरी गाडी लावत होतं, तिकडं बघत राहिल्या. पाढेताईला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

काकांनी कप खाली ठेवला. "हातात काय आहे तुमच्या?"

"कालची पट्टी. तुम्हाला दाखवायला आणली."

"बघू." त्यांनी चष्मा लावला. "यात मी कुठं आहे?"

"ही वरची रेघ बघा. इथं ठोका नाही, इथंही नाही, इथवर नाहीच. आणि ह्या खालच्या टेकड्या, ह्या तुम्ही. एकेक खोकला. ह्या सातांवर तुमच्या डोक्याला रक्त मिळालं."

काका कागदाकडं बघत राहिले. "पहिली अगदीच बुटकी आहे."

"तुम्ही लाजत होतात."

काका हसले, आणि हसताना छाती दुखली म्हणून विव्हळले, आणि तरी हसत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "मला काय आठवतं सांगू? दिवे मंद होत गेले. दुपारी जेवून आडवं झाल्यावर डोळा लागतो ना, तसं. त्रास म्हणाल तर काडीचा नव्हता. छान वाटत होतं. मी निघालोच होतो म्हणा ना. आणि तेवढ्यात एक बाई ओरडायला लागली. तिच्या घरचंच कुणी आगीत सापडलंय अशी ओरडत होती. मनात म्हटलं, हिचं आपल्याशी नातं ना गोतं. ही एवढी ओरडतेय म्हणजे आपलं इथं काहीतरी काम असेल. थांबावं. म्हणून खोकलो. नाहीतर मी खोकणारा माणूस आहे का?"

पाढेताईनं त्यांच्या हातातली पट्टी परत घेतली.

"वायर तुम्ही विसरलात," काका म्हणाले. "ते मी काही पुसून टाकत नाही. चुकीची बातमी वाचली की ती चुकीचीच. पण आम्ही दुरुस्ती त्याच बातमीपत्रात द्यायचो, उद्यावर टाकायचो नाही. तुम्ही त्याच दमात धावलात. मी पाहिलंय ते."

"काका, आभार मानायला मी आले होते," ती म्हणाली, आणि आता तिला रडू आवरेना. "तुम्ही सात वेळा खोकलात म्हणून मी आज इथं उभी आहे. तुम्हाला काही झालं असतं तर मी त्या खुर्चीत पुन्हा बसले नसते. मला दुसरं काही येत नाही हो. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

"घ्या," काका खिडकीकडं बघून म्हणाले. "ऐकलंस का? तू हिचे उपकार मानतेस, ही माझे मानतेय. आता मी कुणाचे मानू?"

काकू वळल्या नाहीत. मग खिडकीपाशी तशाच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "आज कोण आहे तुमच्या त्या टेबलावर?"

"अकरा वाजता एक बाई आहेत. शिवणकाम करतात."

"त्यांचीही वाट बंद आहे का ह्यांच्यासारखी?"

"हो. डावीच."

"बाहेर कोण बसलंय त्यांचं?"

"मुलगी. लहान आहे तशी, विशीतली. मघाशी बाकावर एकटीच बसलेली पाहिली."

"काल मी बसले होते त्या बाकावर," काकू म्हणाल्या. "साडेतीन तास. आतून ओरडणं ऐकू आलं तेव्हा पिशवीचा बंद मी दातांत धरला होता." त्या वळल्या. डोळे लाल होते, पण चेहरा मघासारखा बंद नव्हता. त्या आल्या आणि त्यांनी पाढेताईचा एक हात धरला. "मी तुमच्यावर रागावलेय. तो राग इतक्यात जायचा नाही, चार दिवस राहील. पण तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं नसतं, आणि मी जन्मभर तुमचं नाव घेत बसले असते. आता जा, त्या पोरीला वाट बघायला लावू नका. आणि ती वायर—"

"दोनदा बघेन, काकू. शपथेवर सांगते."

"दोनदा कशाला? हाताळाल तितक्यांदा बघा. शंभरदा हाताळलीत तर शंभरदा."

एकोणीस वर्षांत पाढेताईनं सगळ्यांना शिकवलं होतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि इतकं सरळ होतं की तिला आश्चर्य वाटलं. "शंभरदा," ती म्हणाली. काकूंनी मान हलवली, पदरानं आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि हात न सोडता तिला जिन्यापर्यंत पोचवायला निघाल्या.